हत्तीरोग : गोळ्या घेतल्या, तरी पट्टी पॉझिटिव्ह का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील लोकांना हत्तीरोगाची सार्वत्रिक औषधोपचार मोहीम आता नवीन राहिलेली नाही. आशाताई घरी येतात, उंचीच्या पट्टीने मोजून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या ठरवतात, वयानुसार डीईसी हे कृमींवरचे औषध देतात, अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावतात आणि हे सारे समोरच गिळून दाखवा असा आग्रह धरतात. एवढे करूनही पुढच्या पाहणीत काही जणांची रक्ताची पट्टी (बोटाच्या रक्तावर केली जाणारी झटपट तपासणी) पॉझिटिव्ह येते आणि गावात चर्चा सुरू होते, की गोळ्यांत काही दम नव्हता किंवा सरकारने मुदत संपलेला माल खपवला. आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारातही हा सूर मधूनमधून उमटतो. हत्तीरोग पथकाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला तंत्रज्ञ म्हणून या विषयावर सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. माझ्या मते बहुतेक वेळा दोष गोळ्यांचा नसून, त्या पट्टीला आपण जो प्रश्न विचारतो त्या प्रश्नाचा असतो.

हा रोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या कृमीमुळे होतो आणि आपल्याकडे तो क्युलेक्स डासामार्फत पसरतो. कृमी माणसाच्या शरीरात दोन अवस्थांत असतो. प्रौढ नर-मादी लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला पाझर रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांत, जोडीने राहतात. मादी आठ ते दहा सेंटीमीटर लांब असते, तिची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर भरते आणि ती साधारण पाच ते आठ वर्षे जगते. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले सोडते. ही पिल्ले म्हणजे मायक्रोफायलेरिया. आम्ही कामाच्या ठिकाणी त्यांना नुसते ‘एमएफ’ म्हणत असू. एकेक एमएफ साधारण पाव मिलिमीटर लांब असतो, आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास, म्हणजे क्युलेक्स चावतो त्याच वेळी, तो मोठ्या संख्येने बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतो. आपल्याकडील औषधांचा सर्वांत जोरदार घाव या पिल्लांवर बसतो. प्रौढ जोडी त्यातून बऱ्याचदा वाचते, पण तिन्ही औषधे एकत्र दिली तर तिची पिल्ले सोडण्याची क्षमता दीर्घकाळ थंडावते. त्यामुळे ‘औषध लागू पडले का?’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले असतात. हा माणूस आता डासाला रोग देऊ शकतो का, हा पहिला. आणि त्याच्या शरीरातला प्रौढ कृमी मेला का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या खुणांवरून मिळतात आणि त्या खुणा वेगवेगळ्या वेगाने पुसल्या जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारी तपासणी जुनी आहे. १८७२ साली कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात हे कृमी पाहिले, तेव्हापासून तिचे तत्त्व बदललेले नाही. रात्री घरी जाऊन बोट टोचायचे, ६० मायक्रोलिटर रक्ताचा जाड थर काचपट्टीवर घ्यायचा, तो वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात धरून तांबडेपणा उतरवायचा. नंतर रंग देऊन सूक्ष्मदर्शकाच्या कमी क्षमतेच्या भिंगाखाली काचपट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत बघायची. एमएफ असेल तर त्याभोवतीचे पातळ आवरण दोन्ही टोकांना थोडे बाहेर निघालेले दिसते आणि आतल्या केंद्रकांची माळ शेपटीच्या टोकापर्यंत न जाता आधीच थांबते. केरळच्या काही भागांत सापडणाऱ्या ब्रुगिया मलाईच्या शेपटीत टोकाला दोन केंद्रके असतात, आणि दोघांतला फरक ओळखायला प्रशिक्षणात एवढीच खूण पुरे होत असे. या तपासणीचा मोठा गुण असा, की एमएफ दिसला म्हणजे रोग पसरवू शकणारी गोष्ट रक्तात प्रत्यक्ष आहे. तिथे अर्थ लावत बसावे लागत नाही. दोषही तितकाच ठळक आहे. एका काचपट्टीवर मावेल एवढ्या रक्तात थोडे एमएफ निसटतात. तेच एक मिलिलिटर रक्त बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळले तर सापडतात. शिवाय रात्री अकरा वाजता दार ठोठावणाऱ्या पथकाचे स्वागत कोण करणार? कुत्री अंगावर येतात, दिवसभर रोवणी करून झोपलेला माणूस उठत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी पर्यवेक्षकाला नमुन्यांचा आकडा मात्र पूर्ण हवा असतो.

या अडचणीतून सुटका करणारी म्हणून पट्टीची तपासणी आली. तिच्या मुळाशी प्रतिजन शोधण्याची कल्पना आहे. प्रौढ कृमी काही मोठे रेणू सतत रक्तात सोडत असतो आणि ते दिवसरात्र रक्तात फिरतात; हेच प्रतिजन. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गुरांमधल्या ऑन्कोसर्का गिब्सोनी या कृमीच्या साह्याने एक प्रतिपिंड (प्रतिजनाला नेमके चिकटणारे प्रथिन) तयार केले, ते हत्तीरोगाच्या कृमीचे प्रतिजनही पकडते. त्यावरची प्रयोगशाळेतली तपासणी ‘ओजी४सी३’ या नावाने ओळखली जाते. पुढे दुसऱ्या एका प्रतिपिंडावर आधारित कार्ड निघाले आणि त्यानंतर सध्याची पट्टी. ७५ मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटे आणि भर दिवसा, शाळेच्या व्हरांड्यात किंवा ग्रामपंचायतीत निकाल. ज्याने रात्रीच्या फेऱ्या केल्या आहेत, त्याला ही सोय केवढी मोठी आहे ते सांगावे लागत नाही.

मात्र ही पट्टी प्रौढ कृमीच्या अस्तित्वाची खूण पकडते. औषधाने पिल्ले संपली, मादी वांझ झाली, रात्रीच्या काचपट्टीवर काही दिसेनासे झाले, तरी ती मादी जिवंत असेपर्यंत प्रतिजन सोडत राहते. ती मेल्यानंतरही रक्तातले प्रतिजन एकदम जात नाही. माणूस गेला तरी त्याचे नाव रेशनकार्डावर बराच काळ राहते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून उपचारानंतर महिने, कित्येकदा वर्षे, पट्टी पॉझिटिव्ह राहू शकते. प्रतिजनाचे प्रमाण हळूहळू घटते. ओजी४सी३ सारख्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत ते आकड्यांत मोजता येते. पट्टीवर मात्र रेघ फिकी का ठळक, एवढाच अंदाज बांधता येतो, आणि गावात तर फिकी-ठळक हा भेदही कोणी ऐकून घेत नाही. रेघ दिसली, म्हणजे रोग आहे!

तीन औषधांच्या उपचाराचा पुरावा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल यांची एकत्र एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तातून एमएफ वर्षभरानंतरही गायब होते. डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोनच औषधांच्या एका मात्रेनंतर हे प्रमाण ३२ टक्के होते. तीन औषधांचा परिणाम तिसऱ्या वर्षीही तितकाच टिकून होता. प्रतिजनाची गोष्ट निराळी. ते कमी झाले, पण एमएफ गेलेल्या कितीतरी जणांच्या रक्तात ते उरलेच. भारताने २०१८ च्या अखेरीस बिहारमधील अरवल जिल्ह्यापासून ही तीन औषधे देण्यास सुरुवात केली, आणि सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत आपले नागपूर होते, ज्याची मोहीम जानेवारी २०१९ मध्ये झाली. म्हणजे ज्या औषधाने एमएफ सर्वांत झपाट्याने जातात पण प्रतिजन मागे राहते, ते औषध आपण याच भागात सर्वांत आधी वापरले. आणि नंतर निकाल बघायला तीच पट्टी हातात घेतली, तर गैरसमज होणारच.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत कोणाची कोणती तपासणी करायची, याचा भेद केलेला आहे. दोन औषधांच्या भागात मोहीम थांबवावी की नाही हे ठरवताना सहा-सात वर्षांच्या मुलांची प्रतिजन तपासणी करतात. ही मुले मोहीम सुरू असतानाच्या काळात जन्मलेली असतात. त्यांच्या रक्तात प्रतिजन सापडले तर ते जुने उरलेले असण्याची शक्यता कमी. तो बहुधा ताजा संसर्ग असतो आणि रोगाचा प्रसार अजून चालू असल्याचे सांगतो. क्युलेक्सच्या भागात या मुलांमध्ये साधारण दोन टक्क्यांची मर्यादा धरतात. तीन औषधांच्या भागात मात्र प्रौढांच्या रात्रीच्या रक्तातील एमएफला महत्त्व दिले जाते आणि तिथे एक टक्क्याची मर्यादा आहे. तेव्हा दुसरीतल्या मुलाची पट्टी आणि त्याच्या आजोबांची पट्टी दिसायला एकसारखी असली, तरी पहिली धोक्याची सूचना असू शकते आणि दुसरी कदाचित सात वर्षांपूर्वीच्या डासाची आठवण. पाहणीचे निकाल जाहीर करताना दोन्हींची एकत्र बेरीज करणे चुकीचे आहे, आणि बातमीतही हे आकडे वेगळे यावेत, एवढी विनंती आपल्या वार्ताहरांना करतो.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. ज्याचा पाय हत्तीपायासारखा सुजलेला आहे, त्याची पट्टी आणि काचपट्टी दोन्ही अनेकदा निगेटिव्ह येतात, कारण त्याच्या शरीरातले कृमी कधीच मेलेले असतात आणि मागे उरलेली असते ती खराब झालेली लसिकावाहिनी व तिथे वारंवार होणारा जिवाणूंचा संसर्ग. उलट एमएफ पॉझिटिव्ह माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो आणि त्याला काहीही जाणवत नाही. म्हणून गावकऱ्यांना वाटते, की तपासणीच उलटी आहे. गोळ्या घेतल्यावर येणाऱ्या तापाचेही तसेच. ज्याच्या रक्तात एमएफ जास्त, त्याला ते एकाच वेळी मेल्यामुळे ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी होण्याची शक्यता जास्त. म्हणजे औषध काम करत असल्याची ती शरीराने दिलेली खूणच असते. पण पुढच्या वर्षी गोळ्या नाकारणाऱ्यांत नेमकी हीच माणसे पुढे असतात. ही गोष्ट आधी समजावून सांगणारी आशाताई असेल, तर त्या गावात नकार कमी होतात, हे मी पाहिले आहे.

एका बाईंचे उदाहरण देतो. रात्रीच्या तपासणीत त्या एमएफ पॉझिटिव्ह निघाल्या आणि प्रचलित पद्धतीप्रमाणे त्यांना बारा दिवस डीईसी देण्यात आले. नंतरच्या रात्रीच्या काचपट्ट्यांत एमएफ दिसले नाहीत. पुढे गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी कोणीतरी त्यांची प्रतिजन तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. तिथून जे सुरू झाले ते विचारू नका. पुन्हा बारा दिवस डीईसी, पुन्हा पट्टी, पुन्हा तीच रेघ, पुन्हा डीईसी. शस्त्रक्रिया लांबली, घरी सासूने जेवणाचे ताट वेगळे केले, आणि बाई मला काचपट्टीचा कागद दाखवून विचारत होत्या की यांतले खरे कोणते. दोन्ही खरे होते. हा रोग ताटातून, स्पर्शातून किंवा एकत्र राहिल्याने पसरत नाही, आणि ज्याच्या रक्तात एमएफ नाही त्याच्यापासून डासालाही काही मिळत नाही. पण त्या कागदांवर हे कुठेही छापलेले नव्हते, आणि उपचार करणाऱ्याने ते तोंडी सांगितले नव्हते.

मग उपचाराचा परिणाम दाखवणारी चांगली खूण कशी हवी? ती फक्त जिवंत कृमीपासून येणारी हवी, तो मेला की लवकर नाहीशी होणारी हवी, आणि शक्यतो दिवसा घेतलेल्या रक्तात सापडणारी हवी. यांतल्या तिन्ही अटी पूर्ण करणारी तपासणी अजून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नाही. रात्रीच्या रक्तावर पीसीआर केला, तर काचपट्टीला निसटलेले थोडे एमएफही डीएनएच्या रूपाने सापडतात, कारण या कृमीच्या जनुकसंचात वारंवार येणारे काही छोटे क्रम आहेत आणि यंत्र तेच शोधते. काही संशोधक प्रतिपिंडांचा मार्ग धरतात. ‘डब्ल्यूबी१२३’ नावाच्या प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड डासाने सोडलेल्या अळीशी संपर्क आल्यानंतर लवकर तयार होते, त्यामुळे मुलांतला नवा संसर्ग ओळखायला त्याचा उपयोग होऊ शकतो. उपचार झालेल्या प्रौढाला ते फारसे काही सांगणार नाही. आणि प्रौढ कृमी खरोखर जिवंत आहे का हे थेट पाहायचे असेल, तर पुरुषांमध्ये अंडकोषाजवळच्या लसिकावाहिन्यांची सोनोग्राफी हा एक मार्ग आहे. ब्राझीलमधील रेसिफे येथे १९९० च्या दशकात डॉक्टरांनी पडद्यावर कृमींची सतत चाललेली वळवळ दाखवली आणि तिला ‘फायलेरिया नृत्य’ असे नाव पडले. कृमीच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूवर डॉक्सीसायक्लिन चार ते सहा आठवडे देऊन प्रौढ कृमी मारण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत परिणाम तपासायला हे नृत्य थांबले का, हे पाहण्याचा फार उपयोग झाला. गावपातळीवर अर्थात हे शक्य नाही.

शक्य आहे ते डासांच्या तपासणीचे काम, आणि माझ्या मते आपल्याकडे ते अजून फार अपुरे आहे. अंडी घालायला आलेल्या क्युलेक्सच्या माद्या सापळ्यात पकडून, त्यांचे वीस-पंचवीसचे गट करून पीसीआर केला, तर त्या भागातल्या माणसांच्या रक्तात एमएफ उरले आहेत का हे कोणाचेही बोट न टोचता कळते. डासात डीएनए सापडला म्हणजे तो डास रोग देईलच असे नाही. त्याने एमएफ असलेले रक्त प्यायले, एवढेच सिद्ध होते. पण मोहिमेचा परिणाम मोजायला तेवढे पुरे आहे. श्रीलंकेचा अनुभव याच कारणाने डोळ्यांसमोर ठेवावा. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशातील हत्तीरोगाचे दुरीकरण मान्य केले. त्याआधी शालेय मुलांच्या तपासणीत गाले जिल्ह्यासह सर्व भाग उत्तीर्ण झाले होते, आणि तरीही गालेच्या किनारपट्टीवरील डासांमध्ये या कृमीचा डीएनए सापडत राहिला. तिथल्या यंत्रणेने तो निकाल दडवला नाही, पाळत चालू ठेवली. आपल्याकडेही उघडी गटारे आणि शौचालयांच्या टाक्यांचे न झाकलेले वायुनळ असलेली गावे-शहरे कमी नाहीत. क्युलेक्सला आणखी काय हवे?

ही अडचण हत्तीरोगापुरती नाही, हेही थोडक्यात सांगतो. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरियाच्या किटमध्ये जे एचआरपी-२ हे प्रथिन पकडले जाते, ते परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून औषधानंतर आठ दिवसांनी पुन्हा किट लावून ‘अजून पॉझिटिव्हच’ म्हणणे व्यर्थ आहे. त्याऐवजी रक्ताची काचपट्टी पाहावी, किंवा जिवंत परजीवीच तयार करतो त्या एलडीएच प्रथिनावर आधारित किट वापरावे. ते उपचारानंतर थोड्याच दिवसांत निगेटिव्ह होते. बिहारमधील काळा आजाराचे (वाळूमाशीच्या चाव्याने पसरणाऱ्या रोगाचे) आरके३९ किट तर प्रतिपिंड पकडते, आणि रुग्ण बरा झाल्यावर ते महिनोन्‌महिने, कधी वर्षेही पॉझिटिव्ह राहते. तिथल्या डॉक्टरांना हे पाठ आहे. आपल्या भागात हत्तीरोगाच्या पट्टीबाबत ते अजून झालेले नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाने काय करावे, याबद्दल माझे म्हणणे असे. प्रौढांची प्रतिजन तपासणी करायची असेल तर निकालाच्या चिठ्ठीवरच मराठीत, आणि गडचिरोलीच्या दुर्गम भागासाठी गोंडीत बोलून, सांगावे की हा निकाल एकट्याने औषध फसल्याचे सिद्ध करत नाही. पट्टी पॉझिटिव्ह असलेल्यांचीच रात्री काचपट्टी घ्यावी आणि एमएफ असेल तरच बारा दिवसांचा उपचार द्यावा. यामुळे रात्रीचे काम निम्म्याहून कितीतरी कमी होते, आणि सोयीच्या नादात ते मुळातच बंद पडण्याचा धोकाही टळतो. मला जास्त भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते. रात्रीच्या कामाचा भत्ता तुटपुंजा असतो, तंत्रज्ञांची पदे निवृत्तीनंतर रिकामी राहतात, आणि काचपट्टी वाचणारा माणूस तयार व्हायला वर्ष जाते. दिवसा दहा मिनिटांत निकाल देणारी पट्टी असताना हे सगळे कशाला, असा विचार कोणत्याही कचेरीत सहज रुजू शकतो. पण तीन औषधांच्या जिल्ह्यात मोहिमेचा परिणाम सांगणारी खूण रात्रीच्या रक्तातच आहे, आणि देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग दुरीकरणाचे उद्दिष्ट ठेवलेले असताना ती वाचणारे डोळे कमी होणे परवडणारे नाही.

डासांच्या पीसीआरसाठी नव्या इमारतीची गरज नाही. कोविडच्या काळात आपल्या जवळजवळ सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरची यंत्रे आली आणि ती चालवणारे लोकही तयार झाले. त्यांतल्या एखाद-दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पूर्व विदर्भातील डासांचे नमुने वर्षातून ठरावीक वेळा पाठवावेत आणि सापळे लावण्याचे काम हिवताप-हत्तीरोग विभागाच्या सध्याच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवावे. त्याचे निकाल, मुलांच्या पट्ट्यांचे निकाल आणि प्रौढांतल्या एमएफचे निकाल तालुकावार, तीन वेगळ्या स्तंभांत जाहीर व्हावेत. यांपैकी कोणत्या स्तंभातला आकडा वाढला म्हणजे पुन्हा गोळ्या वाटायच्या, हेही त्याच तक्त्याखाली आधीच लिहिलेले असावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
वर्धा